बोहाडा पाहिला? मग मोकळेपणानं बोला

मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे चढवलेल्या सोंगांचा रात्रभराचा नाच, पाहून परतलेल्या मुंबई-नाशिकच्या पाहुण्याला ‘कसा झाला?’ असं विचारून बघा. ‘अप्रतिम’, ‘वेगळंच विश्व’, ‘ही आपली खरी संस्कृती’ यांपैकी काहीतरी कानावर येईल. हाच प्रश्न त्याच गर्दीत रात्रभर उभ्या असलेल्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. गणपती बरा नाचला, नरसिंहात जोर नव्हता, रावणाचा मुखवटा नीट बांधला नव्हता, संबळवाल्यानं मध्यरात्रीनंतर हात राखला, असा एकेका सोंगाचा हिशेब तो देईल. बोहाड्यावर त्याचा जीव पाहुण्यापेक्षा कमी नाही. जीव आहे म्हणूनच तो हिशेब ठेवतो.

छोट्या जागेत, थोड्या पैशांत, आपल्या डोळ्यांदेखत घडणारे प्रयोग पाहणाऱ्यांनी या म्हाताऱ्याची शिकवणी लावावी, असं माझं मत आहे. मग तो प्रयोग मोखाड्याच्या रस्त्यावरचा असो, एखाद्या शाळेच्या हॉलमधल्या एकांकिकेचा असो, की कॅफेच्या वरच्या मजल्यावर चाललेल्या मराठी स्टँडअपचा. मोठ्या व्यावसायिक नाटकामागे जाहिरात असते, नावाजलेले नट असतात, दौरे असतात. तुमच्या-माझ्या मतावाचून त्याचं फारसं अडत नाही. छोट्या प्रयोगाची दखल कुणी घेतलीच, तर ती समोरचे पन्नास-साठ जण घेणार. त्यांनीही तोंडदेखलं कौतुक केलं, तर आपलं कुठं फसलं हे करणाऱ्याला कळायचं कसं?

सरसकट कौतुक हा न पाहण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. शहरातल्या माणसानं आदिवासी गावातल्या प्रत्येक गोष्टीला ‘अप्रतिम’ म्हणणं तर मला जरा अपमानकारकच वाटतं. नाटकगृहात आपण नटाला चांगला-वाईट म्हणतो, कारण त्याला आपण नट मानतो. मुखवट्यामागच्या माणसालाही तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

बोहाड्याला निघण्याआधी

होळी-रंगपंचमी उलटली की जव्हार-मोखाड्यात आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पट्ट्यात बोहाड्यांचा हंगाम लागतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात. मोखाड्यात हा जगदंबेचा उत्सव. रामायण-महाभारत आणि पुराणांतल्या देवांची, दैत्यांची सोंगं मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर, माणसांनी दोन्ही बाजूंनी भरलेल्या वाटेवरून नाचत येतात. रंगमंच, पडदा, खुर्च्या असलं काही नसतं. तारखा तिथीवर ठरतात आणि गावागणिक बदलतात. म्हणून मोबाइलवर सापडलेल्या मागच्या वर्षीच्या बातमीवर विसंबून निघू नये. गावात कुणाला तरी फोन करावा, कोणत्या रात्री मोठा बोहाडा आहे हे विचारून घ्यावं.

मोखाडा तालुक्यात रेल्वे नाही. मुंबईकडच्यांनी कसाऱ्याला उतरून खोडाळ्यामार्गे यावं, नाशिककडच्यांनी त्र्यंबकेश्वरमार्गे. विक्रमगडकडून आलात तर आधी जव्हार लागतं. रात्री परतायला एसटी मिळेल या भरवशावर राहू नका. स्वतःच्या गाडीनं आलात तर ती वाटेपासून लांब लावा, कारण जिथे तुम्हाला मोकळी जागा दिसते तिथूनच दोन तासांनी नरसिंह यायचा असतो. पठारावर दिवसा कितीही तापलं तरी पहाटे गारवा असतो. एक शाल, पाणी, थोडा खाऊ आणि विजेरी जवळ असू द्या. विजेरी आपल्या पायांपुरती वापरायची, सोंगाच्या तोंडावर मारायची नाही.

फोटोंबद्दल दोन शब्द कडकच लिहितो. मुखवट्याची डोळ्यांची भोकं लहान असतात, आतल्या माणसाला समोरचं जेमतेम दिसतं आणि त्याचे पाय तालाशी बांधलेले असतात. अशा वेळी तोंडावर फ्लॅश मारणं म्हणजे त्याला आंधळं करणं. वाटेत गुडघे टेकून कॅमेरा रोखणारे हौशी लोक हल्ली बोहाड्यात दिसू लागले आहेत. सोंगाला त्यांना वळसा घालून जावं लागतं आणि चाल मोडते. नंतर हेच लोक ‘थोडा विस्कळीत वाटला’ असं मत देतात! मुखवटे चढवण्यापूर्वी त्यांची पूजा होते. ते ठेवलेल्या जागी विचारल्याशिवाय शिरू नये, हात तर लावूच नये.

आणि वेळ काढून या. सुरुवातीला गणपती, शारदा येतात, तेव्हा गाव अजून जेवूनखाऊन जमत असतं. रंग चढतो तो मध्यरात्रीनंतर. शेवटच्या रात्री देवी आणि महिषासुराची झुंज सुरू व्हायला पहाट होते. अकराला येऊन साडेबाराला गाडी काढणाऱ्यानं ‘आम्ही थोडा वेळ थांबलो होतो’ एवढंच सांगावं. बोहाड्यावर मत देऊ नये.

पैसा कुणाचा, हे आधी समजून घ्या

मत द्यायला निघालेला माणूस सहसा हा प्रश्न विचारत नाही. मला तो पहिला वाटतो.

नाटकाचं तिकीट काढलंत, तर करणाऱ्याचं आणि तुमचं नातं सरळ आहे. पैसे दिलेत, तक्रारीचा हक्क आहे. बोहाड्यात हे नातं उलटं फिरतं. सोंग कुणी घ्यायचं याच्या रीती गावागणिक निराळ्या आहेत. काही सोंगं ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात, काही नवसाची असतात, काही गावांत सोंगांसाठी बोली लागते. म्हणजे इथे नाचणारा मानधन घेत नाही, बऱ्याचदा नाचण्यासाठी तोच पैसे मोजतो. तुम्ही फुकट पाहिलेल्या रात्रीचा खर्च गावानं केलेला असतो. तेव्हा ‘पैसे वसूल झाले नाहीत’ या सुरातलं कोणतंही मत इथे गैरलागू. परतताना उत्सवाच्या वर्गणीत काही टाकून यावं. ती पावती म्हणजे कौतुकाचं कंत्राट नव्हे. वर्गणी देऊनही नरसिंह फिका होता असं म्हणता येतं.

दुसरी गोष्ट, नाचणारा कोण आहे. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर भिवंडी-वसईकडे जातात आणि शिमग्याला गावी येतात. आज महिषासुर झालेला गडी गेल्या आठवड्यापर्यंत विटा थापत असू शकतो. नाट्यगृहातल्या नटासारखी महिनाभराची तालीम त्याच्या वाट्याला आलेली नाही. म्हणून मत सौम्य करा, असं मी सुचवत नाही. दया हा मत देण्याचा पाया होऊच शकत नाही. तालमीतून येणारी सफाई इथे शोधू नका, एवढंच. इथली सफाई लहानपणापासून वाटेच्या कडेला बसून पाहिलेल्या सोंगांतून येते, आणि ती आहे की नाही हे गावाला दोन पावलांत कळतं.

सोंग पाहायचं कसं

मुखवटा चढला की चेहरा गेला. बोलणंही जवळजवळ गेलं. नाटकाच्या प्रेक्षकाची सवय चेहऱ्यावरचे भाव पाहायची आणि संवाद ऐकायची असते. ती इथे कामाला येत नाही. म्हणून नवख्याला तासाभरात सगळी सोंगं सारखीच दिसू लागतात आणि तो कंटाळतो किंवा सगळ्यालाच टाळ्या वाजवतो.

पाय पाहा. देवाची चाल निराळी, दैत्याची निराळी. पुढे जाणं, मागे सरणं, गिरकी घेणं यांची एक ठेवण असते. दैत्य नाचणारा हळूहळू देवासारखा सभ्य चालू लागला, की सोंग पडलं समजा. मग मान पाहा. मुखवटा स्थिर असतो, डोळे हलत नाहीत, पण मानेच्या एका झटक्यानं तो रागावल्यासारखा किंवा रोखून पाहत असल्यासारखा दिसू शकतो. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. आता बरेचसे मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवून, वाळवून, रंगवून केले जातात. जव्हार तालुक्यात हे काम करणारे कारागीर आजही आहेत. वजन कमी झालं तरी रावणाची दहा तोंडं पेलून मान खेळवणं सोपं नाही. मुखवटा नुसता डोक्यावर वाहिला जातोय की अंगाचा भाग झालाय, हे पाहणं म्हणजे अर्धं परीक्षण झालं.

तिसरी नजर वाजवणाऱ्याकडे. संबळवाला सोंगाला नाचवतोय की सोंगाच्या मागे फरपटतोय? चांगल्या रात्री कोण कुणाला ओढतंय हे सांगता येत नाही. थकलेल्या रात्री ते लगेच कळतं, ताल चालू राहतो आणि पाय नुसते पडत राहतात. म्हणूनच उभं राहायची जागा वाद्यांपासून फार लांब निवडू नये. वळणावरची जागा सगळ्यांत चांगली. सोंग तिथे थबकतं, फिरतं, गर्दीवर धावून जातं. सरळ वाटेवर झाकल्या जाणाऱ्या चुका वळणावर उघड्या पडतात.

चौथी गोष्ट शेजारच्यांचे चेहरे. राक्षस आला की लहान पोरं आईच्या पदराआड गेली, की त्याच्या मागे धावत सुटली? बाया बोलायच्या थांबल्या का? एखाद्या सोंगाला गर्दी आपसूक मागे सरते. हात धरून कुणी मागे ढकललेलं नसतं. त्या नाचणाऱ्यानं काम केलेलं असतं. ओळख झाली तर शेजारच्या बाबांना विचारा, ‘याच्याआधी हे सोंग कोण घ्यायचं?’ मग तुलना सुरू होते, आणि ती ऐकण्यासारखी असते. मात्र त्यांच्याकडून ऐकलेलं मत स्वतःचं म्हणून खपवू नका. ‘गावातले जाणते असं म्हणत होते’ असं लिहायला लाज कसली?

एका ठिकाणी मात्र परीक्षण थांबवावं. सोंग घेतलेल्याच्या अंगात आलं, लोक पाया पडू लागले, तर तो भाग नाटकाचा राहिलेला नसतो. अभिनय किती खरा होता वगैरे तिथे बोलू नये. मोबाइल खिशात ठेवावा.

शाळेच्या हॉलपासून एडिंबरापर्यंत

बोहाड्यावरून ही जी नजर बसते, ती शहरातल्या छोट्या नाटकालाही लागू पडते. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मोठा काळ शाळेच्या हॉलमध्येच गेला. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे वगैरे मंडळींनी 1971 मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली आणि 1974 च्या सुमारास दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोगांची चळवळ उभी राहिली. पुढे ती माहीमच्या पालिका शाळेत गेली. तिथे कुणी भरजरी नेपथ्य पाहायला जात नव्हतं, आणि गेला असता तर चूक त्याची होती. प्रयोगानं जे करायचं ठरवलं होतं ते त्याला साधलं का, हा मत देण्यापूर्वीचा प्रश्न. दोन खुर्च्यांत घर उभं करायचं ठरवलं असेल, तर ते मला दिसलं का? दिसलं नसेल तर खुर्च्या कमी पडल्या म्हणू नका, नट कमी पडले म्हणा.

सवलत कशाला द्यायची आणि कशाला नाही, याची माझी वाटणी अशी. एकच दिवा होता, पडदा अडकला, पावसाचा आवाज पत्र्यावर आला, या गोष्टींना पूर्ण सूट. पाठांतर नव्हतं, शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचला नाही, एकांकिका मधेच संपली होती तरी वीस मिनिटं चालू राहिली, यांना अजिबात नाही. या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

छोट्या प्रयोगांची परदेशातली गोष्टही पाहा. एडिंबरात 1947 साली मोठा महोत्सव भरला तेव्हा आमंत्रण नसलेली आठ नाटकमंडळं आपली आपण येऊन प्रयोग करून गेली, आणि त्यातून जगातला सगळ्यांत मोठा हौशा-नवशांचा नाट्यमेळा उभा राहिला. तिथे आजही कोण येणार हे कुठली निवड समिती ठरवत नाही. साहजिकच चांगल्याबरोबर ढीगभर टाकाऊही येतं, आणि ते निवडण्याचा भार प्रेक्षक-समीक्षकांच्या मोकळ्या मतावर पडतो. तिथल्या भिंती ताऱ्यांच्या खुणांनी भरलेल्या जाहिरातींनी मढतात. या ताऱ्यांची सवय आपल्याकडेही आली आहे. मला विचाराल तर छोट्या प्रयोगाला तारे देऊ नयेत. साडेतीन ताऱ्यांवरून नटाला काहीच कळत नाही, आणि न गेलेल्याला गेल्याचं समाधान मिळतं.

मोकळं मत किती महागात पडतं याचं अलीकडचं उदाहरण पुण्यातलं. 1963 पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला द्यायचा नाही असा निर्णय दिला. केवढा गदारोळ झाला! मुलांची मेहनत दिसली नाही का, इथपासून परीक्षकांच्या लायकीपर्यंत सगळं निघालं. मला तो निर्णय घेण्याचं धाडस पटलं होतं. स्पर्धा मेहनतीची नसते, एकांकिकेची असते. मात्र अशा निकालाबरोबर परीक्षकांवर जास्तीची जबाबदारी येते. कुठली एकांकिका कुठे घसरली हे मुलांना एकेक करून सांगावं लागतं. ‘दर्जा नव्हता’ एवढंच सांगणं म्हणजे ‘छान झालं’चीच उलटी बाजू. दोन्हींत ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

याच्या उलट टोकाचा मोह ठाण्यात होतो. नाटककार रत्नाकर मतकरींनी 2014 मध्ये वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. मुलं स्वतःच्या वस्तीतले विषय घेऊन स्वतः नाटिका बसवतात. पाहायला आलेले मोठे लोक डोळे पुसतात आणि ‘या परिस्थितीतही किती छान’ असं म्हणतात. ‘या परिस्थितीतही’ हे शब्द जिथे जिथे तोंडात येतील तिथे तिथे गिळावेत. त्या मुलांना परिस्थिती तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. तुम्ही त्यांच्या नाटिकेत भांडणाचा प्रसंग कसा उभा राहिला, कुठलं वाक्य चटका देऊन गेलं, कुठे सगळे एकदम बोलल्यानं कळलं नाही, ते सांगा. मोखाड्यातल्या आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बोलावणं आलं तर तिथेही हेच.

हसू आलं म्हणजे चांगलं?

विनोदी प्रयोगाबद्दल मत देणं सगळ्यांत सोपं वाटतं. हसलो म्हणजे चांगलं, नाही हसलो म्हणजे वाईट. खरं तर इथेच जास्त फसगत होते. माणूस शेजारचा हसला म्हणून हसतो, शिवी ऐकली की हसतो, ओळखीच्या गावाचं नाव आलं तरी हसतो. तेव्हा प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला विचारावं, काल कशाला हसलो होतो? तीन गोष्टी आठवल्या तर प्रयोग चांगला. एकही आठवली नाही, तर खोलीतली गर्दी चांगली होती.

कुणावर हसलो, हा दुसरा प्रश्न. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये आलं. गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवायला निघतात आणि त्यात जे गोंधळ होतात, ते मालवणीत. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचानं हे नाटक गाजवलं आणि त्याचे प्रयोग पाच हजारांवर गेले. सुरुवातीला ते चाचपडत होतं, पु. ल. देशपांड्यांनी दिलेल्या जाहीर दादेनं त्याचं नशीब पालटलं, असं नाटकवाले आजही सांगतात. एका जाणत्या प्रेक्षकाचं मत काय करू शकतं ते यातून दिसतंच. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गावच्या हौशी नाटकाची एवढी टर उडवूनही कोकणातला माणूस ते नाटक आपलं मानतो. कारण लिहिणारा, करणारा आणि ज्याच्यावर हसायचं तो, असे तिघेही एकाच ओसरीवर बसलेले आहेत.

आता एखाद्या विनोदी कार्यक्रमातला ‘आदिवासी’ आठवा. अंगाला काळा रंग, डोक्यात पिसं, कुठल्याच बोलीत नसलेले उच्चार. जव्हार-मोखाड्याचा तरुण हे मोबाइलवर पाहतो, कधी हसतोही. पण त्या प्रहसनात त्याची वारली किंवा कोकणा बोली कुठेच नसते, फक्त ती न येणाऱ्याची कल्पना असते. असा विनोद जिवंत प्रयोगात समोर आला, तर मत देताना गुळमुळीत राहू नये. ‘भावना दुखावल्या’ असं म्हणायचीही गरज नाही. त्या वाक्यानंतर विनोदावरची चर्चा संपते आणि मोर्चाची सुरू होते. विनोद आळशी होता असं म्हणा. पाहिलेल्या माणसाची नक्कल करायला निरीक्षण लागतं, ते केलेलं नव्हतं. विनोदकाराला ही टीका जास्त झोंबते, आणि कामाचीही तीच. माझी एक साधी कसोटी आहे. ज्याच्यावर विनोद केला तो माणूस पहिल्या रांगेत बसलेला असता, तर विनोद करणाऱ्यानं तो त्याच शब्दांत केला असता का?

स्टँडअपच्या ओपन माइकला गेलात तर ती तालीम आहे हे ध्यानात ठेवा. पाच-पाच मिनिटं नवी पोरं येतात, अर्धे विनोद पडतात, पडावेत म्हणूनच ती रात्र असते. त्यावर जाहीर परीक्षण लिहिणं किंवा चोरून चित्रफीत काढून फिरवणं हे दोन्ही गैर. तिकीट लावून केलेला तासाभराचा कार्यक्रम वेगळा. त्याला पूर्ण मोजमाप लावा, फक्त लिहिताना त्याचे विनोद सांगून टाकू नका. नाटकातलं वळण फोडणाऱ्याला आपण जशी नावं ठेवतो तशीच इथेही ठेवावीत.

आणि विनोद उचललेला आहे का, यावरही लक्ष असू द्या. माधव मनोहर हे समीक्षक मराठी नाटकाचं मूळ परदेशी नाटक कुठलं ते शोधून काढत, आणि नाटककारांना त्यांची दहशत वाटे. आज त्यांचं काम कुणीही मोबाइल घेऊन करू शकतो. मात्र पुरावा हाती नसताना ‘चोरलंय’ म्हणू नये. विषय सारखा असणं म्हणजे चोरी नव्हे. सासू, लोकल आणि पुणेकर यांवर कुणाचीच मालकी नाही.

कुणाला, कधी, किती

प्रयोग संपल्या संपल्या करणाऱ्याच्या अंगात ताप असतो. रंगपटात शिरून ‘दुसरा प्रवेश लांबला’ असं सांगणाऱ्याला मोकळा म्हणत नाहीत, अडाणी म्हणतात. त्या क्षणी एकच गोष्ट बोलावी, ती खरी असावी आणि नेमकी असावी. ‘वळणावर तुम्ही थांबलात ना, तेव्हा आमची पोरगी घाबरली’ हे सोंग घेतलेल्या दादाला दहा वेळा ‘छान’ म्हणण्यापेक्षा जास्त काही देतं. काहीच आवडलं नसेल तर हात जोडून निघावं. खोटं बोलायची सक्ती कुणी केलेली नाही.

टीका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. विचारलं तर सविस्तर, न विचारता सांगायची असेल तर थोडक्यात, आणि आधी खुद्द करणाऱ्याला. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर पोराचं नाव घेऊन ‘याला पुढच्या वर्षी सोंग देऊ नका’ असं लिहिणं हे मत नव्हे, तो पंचायतीचा ठराव झाला. उलट प्रयोग करणारा आपला भाऊ, मित्र, शेजारी असेल, तर लिहिताना ते आधी सांगून टाकावं. वाचणारा त्याप्रमाणे वजाबाकी करून घेतो.

प्रयोग अर्धा टाकून उठलात तर तेही लपवू नका. का उठलात हे सांगितलंत तर तेही मतच आहे, आणि कधी कधी सगळ्यांत उपयोगी.

लिहिण्याबद्दल. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात कुठे, कधी, किती वाजेपर्यंत पाहिलं ते लिहा. मग एक गोष्ट जी साधली, एक जी साधली नाही, आणि दोन्हींसाठी डोळ्यांना दिसलेला पुरावा. नमुन्यादाखल हे कल्पित वाक्य घ्या: ‘पहाटेच्या सुमाराला आलेली तीन दैत्यांची सोंगं एकाच चालीनं नाचली. मुखवटे काढून नुसते पाय दाखवले असते तर कोण कुठला ओळखता आलं नसतं. महिषासुर मात्र देवीसमोर तीनदा मागे हटला आणि तिन्ही वेळा निराळा हटला.’ हे वाचून पुढच्या वर्षी नाचणाऱ्याला काही करता येतं. ‘आदिवासी संस्कृतीचं नयनरम्य दर्शन घडलं’ हे वाचून काय करणार? ‘नयनरम्य’, ‘मंत्रमुग्ध’, ‘पर्वणी’, ‘एकदा तरी पाहावा असा’ हे शब्द कुठल्याही प्रयोगाला चिकटतात, म्हणून कुठल्याच प्रयोगाबद्दल काही सांगत नाहीत. ते लिहून झाल्यावर खोडा. बऱ्याचदा सबंध मजकूरच खोडला जातो. मग समजावं की पाहायला पुन्हा जावं लागणार.

‘लोप पावत चाललेली कला’ हे आणखी एक पालुपद. बोहाड्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात ते असतं. हॅलोजन आले, ध्वनिक्षेपक आले, नवे रंग आले, तरुण पोरं मुखवट्याबरोबर सेल्फी घेतात, हे सगळं खरं. यातलं काय खटकलं तर स्पष्ट लिहा. मला स्वतःला पिपाणीच्या अंगावर चढणारा कर्णा मुळीच सोसत नाही. पण कलेला श्रद्धांजली वाहण्याआधी त्या रात्री वाटेच्या दुतर्फा किती माणसं उभी होती, सोंग घ्यायला किती जण पुढे आले होते, हे विचारून घ्यावं. मरण जाहीर करणारा पाहुणा सहसा साडेबाराच्या आतच निघून गेलेला असतो.

लिहिलेलं छापायला किंवा कुठे टाकायला देण्याआधी त्याची एक प्रत उत्सवाच्या मंडळींना पाठवा, नाहीतर फोनवर वाचून दाखवा. मत बदलायला सांगितलं तर बदलू नका, तपशील चुकला म्हणाले तर लगेच दुरुस्त करा. सोंगांची नावं आणि क्रम तर गावातल्या जाणत्याकडूनच तपासून घ्यावेत. महिषासुराला रावण लिहून ठेवलंत, तर त्यापुढे कितीही मुद्द्याचं लिहिलेलं असो, मोखाड्यात ते कुणी वाचणार नाही.